हातचा एक

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका कापड दुकानदाराच्या नातवाला मी काही वर्षं शिकवायला जायचो. मागच्या खोलीत शिकवणी, पुढे गल्ल्यावर आजोबा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या कुटुंबांपैकी हे एक. आजोबा हिशेबाची वही शेवटपर्यंत अरबी वळणाच्या सिंधी लिपीत लिहीत. उजवीकडून डावीकडे ओळ सरकत यायची, आणि रक्कम आली की पेन उचलून थोडं पुढे न्यायचे, म्हणजे डावीकडे, आणि तिथून उजवीकडे येत आकडा लिहायचे. मग पुन्हा उडी मारून डावीकडे. अक्षरं एका दिशेनं, अंक दुसऱ्या. त्यांना त्यात काही विशेष वाटत नसे. मी मात्र दर वेळी बघत उभा राहायचो.

तेव्हा मला पालिंड्रोमचं वेड होतं. उलटसुलट सारखं वाचता येणारं काहीही दिसलं की मी वहीत टिपून ठेवायचो: गाड्यांचे नंबर, तिकिटांचे नंबर, तारखा. अंबरनाथच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचो, राहायला बदलापूर पूर्वेला. आमच्याकडची माणसं खिडकीसाठी आधी उलट्या दिशेनं प्रवास करतात: अंबरनाथचा माणूस मुंबईला जायचं म्हणून बदलापूरला येतो आणि त्याच गाडीत बसून परत अंबरनाथवरून पुढे जातो. उलटं जाणं ही आमच्याकडे गंमत नाही, गरज आहे. हे वाक्य तेव्हा सुचलं असतं तर वहीत लिहिलं असतं. पण मी गंमतीच्या बाजूचा होतो. हा लेख त्या गंमतीविरुद्ध आहे, किंवा निदान मराठीत ती ज्या पद्धतीनं लिहिली जाते तिच्याविरुद्ध. त्यातले बरेचसे दोष माझेच आहेत.

मराठीत पालिंड्रोमवर लिहायचं म्हटलं की लेखाचा साचा ठरलेला. सुरुवातीला 'चिमा काय कामाची' आणि 'रामाला भाला मारा'. थोडा धीट लेखक असेल तर 'तो कवी डालडा विकतो'. मग १२१, १२३२१. मग दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीचे साधे शाळामास्तर. मग एक उडी: आणि आश्चर्य म्हणजे आपल्या पेशींतल्या डीएनएमध्येसुद्धा असेच पालिंड्रोम असतात! शेवटी निसर्गाच्या अद्भुत सममितीबद्दल दोन ओळी. या साच्यात काहीही खोटं नाही, आणि तरी जवळजवळ सगळं चुकलेलं आहे. कारण भाषेत, संख्येत आणि डीएनएत 'उलटं वाचणं' ही तीन वेगळी कामं आहेत. ती एकाच पिशवीत कोंबली की तिन्हींमधलं जे खरोखर पाहण्यासारखं आहे तेच दिसेनासं होतं.

भाषेपासून सुरुवात करू, कारण ती बाजू सगळ्यांत सोपी वाटते. 'चिमा काय कामाची' उलटं वाचताना आपण काय उलटं करतो? चि, मा, का, य, का, मा, ची. म्हणजे अख्खं अक्षर, काना-वेलांटीसकट. पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ, तिकडे आपण कानाडोळा करतो. डालड्याच्या कवीलाही हीच सवलत लागते. संगणकाला हेच वाक्य उलटं करायला सांगा, तो काना-मात्रे सुटे करून असा चिवडा करेल की वाचवणार नाही; त्याच्या लेखी वेलांटी हे स्वतंत्र चिन्ह आहे. म्हणजे पालिंड्रोम शब्दात नसतो, वाचण्याचं एकक कोणतं धरलं यात असतो. याचा सगळ्यांत चांगला नमुना बारावीच्या एनसीईआरटीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे. डीएनएतले पालिंड्रोम समजावताना तिथे 'मल्याळम' या शब्दाचं उदाहरण दिलंय. रोमन लिपीत ते चोख आहे. फळ्यावर मराठीत लिहिलं की म, ल्या, ळ, म. उलटं केलं की म, ळ, ल्या, म. संपला पालिंड्रोम. त्या पुस्तकानं पुढच्याच वाक्यात शब्दातला आणि डीएनएतला फरक नीट सांगितलाय, हे श्रेय त्याला द्यायला हवं. पण वाक्य रूक्ष आहे आणि मुलांना (आणि मास्तरांना) मल्याळमच लक्षात राहतं. डीएनएत 'चिमा काय कामाची'सारखी अक्षरं असतात, हे मी वर्गात पंधरा वर्षं सांगत होतो.

संख्येकडे वळलो की मराठी माणसाला एक जादा अडचण आहे, आणि ती मला आवडते. आपण २५ लिहितो तेव्हा दोन आधी, पाच नंतर. म्हणतो तेव्हा पंचवीस, पाच आधी. १२१ म्हणताना 'एकशे' डावीकडून आणि 'एकवीस' उजवीकडून. संस्कृतातला जुना नियम तर सरळच आहे: अंकानां वामतो गतिः, आकडे डावीकडे चालतात. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला आठवतं? भाषेचा खून, जोडाक्षरांची भीती, विनोद, विधानसभेत भाषणं. त्या सगळ्यात एक साधी गोष्ट फार कमी लोकांनी लक्षात घेतली, की आपण जन्मभर आकडे एका दिशेनं लिहितो आणि निम्मे दुसऱ्या दिशेनं वाचतो. उल्हासनगरचे आजोबा आणि आपण यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

आता कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये, विद्यार्थिदशेतच १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ ला बीएस्सी, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर माहीत आहे. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या मार्चमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, आणि मग इकडेही सन्मान सुरू झाले; तोवर ते सत्तरीला टेकले होते. पण आमच्या रेल्वेमार्गाशी नातं आहे ते त्यांच्या 'डेम्लो' संख्यांचं. डेम्लो म्हणजे डोंबिवली. जीआयपी रेल्वेच्या काळातलं त्या स्टेशनचं हे नाव. तिथे आपल्याला ही कल्पना सुचली म्हणून कापरेकरांनी संख्यांना स्टेशनचं नाव दिलं. बदलापूरहून ठाण्याला जाताना कल्याण सोडलं की ठाकुर्ली आणि मग हे डेम्लो येतं. रोज लाखो माणसं तिथे चढतात-उतरतात. संख्याशास्त्रातल्या एका मालिकेला आपल्या स्टेशनाचं नाव आहे हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल! (मीही तिथून वीस वर्षं प्रवास करून झाल्यावर कुठल्याशा पुस्तकात वाचलं.)

डेम्लो संख्यांचं कुटुंब मोठं आहे. त्यातलं सगळ्यांत देखणं घर म्हणजे एकांचे वर्ग. ११ गुणिले ११ बरोबर १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. असं करत करत नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. कापरेकरांनी यांच्यावर १९३८ साली लेख लिहिला, पुढल्या वर्षी के. आर. गुंजीकरांबरोबर आणखी एक. आणि आपले मराठी लेख इथे, या नऊ एकांच्या मनोऱ्याच्या टोकावर, टाळ्या वाजवून थांबतात. मी वाचलेल्या लेखांपैकी एकही दहाव्या पायरीवर गेलेला नाही.

दहा एकांचा वर्ग आहे १२३४५६७९००९८७६५४३२१.

नीट बघा. उजवीकडून वाचत गेलं की १, २, ३ करत ९ पर्यंत सुरळीत. डावीकडून वाचलं की सातानंतर एकदम नऊ. आठ गायब, मधे दोन शून्यं. पालिंड्रोम मोडला. का मोडला ते पाहायला कागद लागतो. शाळेत शिकवतात तसा उभा गुणाकार मांडला की एकांच्या तिरक्या पायऱ्या दिसतात, आणि प्रत्येक स्तंभात जितके एक तितका तो अंक. मधल्या स्तंभात आता दहा एक आहेत. दहा एका घरात मावत नाहीत. शून्य लिहायचं, हातचा एक. शेजारच्या घरात नऊ होते, त्यात तो एक मिळून पुन्हा दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या पलीकडे आठ होते, ते नऊ झाले. तिथे हातचा संपला. हातचा नेहमी डावीकडेच जातो, उजवीकडे कधीच येत नाही. त्यामुळे एकाच बाजूला धक्का बसला आणि सममिती एका बाजूनं ढासळली.

माझ्या मते डेम्लो संख्यांमधली सगळ्यांत मोलाची जागा ही आहे. नऊपर्यंत जे दिसतं तो संख्येचा गुण नाही, आपल्या लिहिण्याचा आहे. दहाऐवजी बाराच्या पद्धतीत लिहिलं असतं तर मनोरा अकरा एकांपर्यंत टिकला असता. आठाच्या पद्धतीत सातानंतरच कोसळला असता. संख्या तीच. 'अंकांमधली दैवी सममिती' म्हणून जे सांगितलं जातं ते खरं तर 'अजून हातचा आलेला नाही' एवढंच असतं. संख्यामालिकांच्या कोशांत डेम्लो मालिका नऊच्या पुढे, मोडक्या संख्यांसकट, चालूच राहते. लेख थांबतात, मालिका थांबत नाही.

आणि एकदा हातचा दिसला की तो सगळीकडे दिसतो. पालिंड्रोमचा एक प्रसिद्ध खेळ आहे: कुठलीही संख्या घ्या, उलटी करून तिच्यात मिळवा, पालिंड्रोम येईपर्यंत हेच करत राहा. १४२ अधिक २४१ बरोबर ३८३, एका फटक्यात. बेरजेत हातचा आला नाही तर उत्तर पालिंड्रोमच येणार, कारण समोरासमोरच्या घरांत तेच दोन अंक मिळवले जातात. हातचा आला की कधी जमतं (६५ अधिक ५६ बरोबर १२१), कधी लांबतं. ८७ ला चार पायऱ्या लागतात, उत्तर ४८८४. ८९ ला चोवीस, आणि उत्तर ८८१३२०००२३१८८. १९६ चं आजपर्यंत जमलेलं नाही. संगणकांनी कोट्यवधी अंकांपर्यंत नेऊन पाहिलं. पालिंड्रोम येत नाही, आणि कधीच येणार नाही असं सिद्धही करता येत नाही. दोनच्या पद्धतीत मात्र १०११० ही संख्या कधीच पालिंड्रोमला पोहोचत नाही हे सिद्ध झालेलं आहे. ज्याला आपण गंमत म्हणतो तिच्या आत पहिलीतल्या मुलाला शिकवलेला हातचा बसलाय, आणि तो नीट समजलेला कुणीही नाही.

कापरेकरांवर त्यांच्या हयातीत जी टीका झाली ती हीच होती: हे किरकोळ आहे, दहाच्या पद्धतीवर अवलंबून आहे, म्हणून खरं गणित नाही. टीकेचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. ६१७४ सुद्धा दहाच्या पद्धतीचाच. मला त्यांचा बचाव करताना 'ते थोर गणिती होते' असं म्हणावंसं वाटत नाही. तसं म्हणणारे लेख त्यांना रामानुजनच्या शेजारी बसवतात आणि मग त्या शेजारात ते उगाच बारीक दिसतात. ते दुसरंच काहीतरी करत होते. ते लिहिलेल्या आकड्याचे अभ्यासक होते. लिपीचे म्हणा ना. आणि लिहिलेल्या आकड्याबद्दलचे प्रश्न हलके असतात हेही पुढे टिकलेलं नाही. कुठलीही धन पूर्णांक संख्या जास्तीत जास्त तीन पालिंड्रोमांची बेरीज म्हणून मांडता येते, हे पाच किंवा त्याहून मोठ्या पायाच्या सर्व पद्धतींसाठी सिद्ध झालंय. सिल्येरुएलो, लूका आणि बॅक्स्टर यांचा तो लेख २०१८ साली छापून आला. सिद्धता लांबलचक आणि किचकट आहे. तिचा बहुतेक वेळ कशात जातो? हातचे आवरण्यात.

किरकोळ ठरवण्याची ही परंपरा जुनी आहे, आणि तीही आपल्याच प्रदेशातून जाते. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त गुणाकारांचे हार गुंफले. त्यात २७९९४६८१ ला ४४१ ने गुणायला सांगितलंय, उत्तर १२३४५६५४३२१. ते या उत्तराचं वर्णन एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा क्रमानं उतरणारी संख्या असं करतात. अशा उत्तरांना ते राजाच्या गळ्यातला दागिना म्हणतात. म्हणजे कापरेकरांची सहावी डेम्लो संख्या हजार वर्षं आधी कंठाभरण म्हणून घडवलेली होती. तिकडे भाषेत, सोळाव्या शतकात, गोदावरीकाठच्या पार्थपुरात, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत, सूर्यदास नावाचे पंडित झाले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर आणि 'बीजगणिता'वर त्यांच्या टीका आहेत. त्यांनीच 'रामकृष्णविलोमकाव्य' लिहिलं: श्लोकाची पहिली ओळ रामाची, आणि तीच अक्षर-अक्षर उलटी केली की दुसरी ओळ, कृष्णाची. पूर्ण श्लोक पालिंड्रोम, पण दोन अर्ध्यांचा अर्थ वेगळा.

सूर्यदासांचं काव्य टीकेशिवाय समजत नाही. शब्द ओढूनताणून आणलेले, अन्वय लागता लागत नाही. मम्मटांनी 'काव्यप्रकाशा'त चित्रकाव्याला खालच्या प्रतीचं ठरवलंय, आणि आनंदवर्धनांनी तर त्याला काव्याची नक्कल म्हटलंय. रसिक म्हणून मी मम्मटांच्या बाजूचा आहे. पण गणिती सूर्यदासांनी केलेली एक गोष्ट 'चिमा काय कामाची'च्या कितीतरी पुढची आहे: उलटं वाचल्यावर तेच मिळायला हवं ही अट त्यांनी सोडली. त्यांच्याकडे एकच अक्षरमाळ दोन दिशांनी वाचून दोन वेगळ्या कथा निघतात. जीवशास्त्र शिकवणाऱ्याला हे वाचून चमकायला होतं, कारण डीएनएचं वागणं 'रामाला भाला मारा'पेक्षा सूर्यदासांच्या फार जवळ आहे.

डीएनएला दोन धागे असतात आणि ते विरुद्ध दिशांनी धावतात. प्रत्येक धागा आपापल्या दिशेनंच वाचला जातो. एकावर ए असेल तर समोर टी, जी असेल तर समोर सी. आता जी ए ए टी टी सी ही सहा अक्षरं घ्या. उलटी करा: सी टी टी ए ए जी. हा पालिंड्रोम नाही! पण समोरच्या धाग्यावरची अक्षरं लिहून ती त्या धाग्याच्या दिशेनं वाचा, पुन्हा जी ए ए टी टी सी मिळतं. इथे कुणीच उलटं वाचत नाही. दोघं आपापल्या दिशेनं सरळ वाचतात आणि तेच वाचतात. आमच्या लाइनीवर एक गाडी कर्जतकडे आणि एक मुंबईकडे निघावी आणि दोघींच्या खिडकीतून स्टेशनांची नावं त्याच क्रमानं दिसावीत, तसं काहीसं.

यातून एक साधी गोष्ट निघते, जी मी वर्गात कधीच सांगितली नाही कारण मलाच सुचली नव्हती. १२३२१ ला मधला एकुलता अंक आहे, चिमालाही 'य' आहे. डीएनएच्या नेमक्या पालिंड्रोमला असा मध्य असूच शकत नाही, कारण मधल्या अक्षराला स्वतःचीच जोडी व्हावं लागेल आणि ए ची जोडी ए नसते. त्याची लांबी कायम सम. मनोऱ्याला टोक नाही. ज्या टोकावर आपले लेख टाळ्या वाजवतात ते टोकच तिकडे नाही.

आणि तिकडे पालिंड्रोम कशासाठी असतो याला उत्तर आहे. वर दिलेली सहा अक्षरं इको आर-वन नावाचं विकर ओळखतं आणि तिथेच डीएनए कापतं. हे विकर दोन सारख्या अर्ध्या भागांचं असतं, समोरासमोर जोडलेल्या दोन तळहातांसारखं. एक हात एका धाग्यावर, दुसरा दुसऱ्यावर. दोन्ही हात सारखे, म्हणून दोन्ही बाजूंना मजकूर सारखा लागतो. पहिल्या अक्षरानंतर चीर पडते, आणि दोन्ही बाजूंना चार-चार अक्षरांची सुटी, चिकट टोकं उरतात. जिवाणूंनी हे घुसखोर विषाणूंना कापायला राखलेलं हत्यार. अशी विकरं शोधून वापरात आणल्याबद्दल आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चं नोबेल मिळालं. आणि या चिकट टोकांवरच १९७३ पासूनचं जनुक जोडण्याचं तंत्र उभं राहिलं. आज मधुमेही टोचून घेतात ते इन्सुलिन त्याच वाटेनं आलं. सममिती इथे दागिना नाही, पकड आहे.

आता ज्यामुळे मी ही वही बंद केली ते. २००७ साली लग्नाला पाच वर्षं झाल्यावर एका रुग्णालयात आमच्या दोघांच्या तपासण्या झाल्या. माझ्या अहवालात एक ओळ होती: वाय गुणसूत्रावर एझेडएफसी भागाचा अभाव. डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं की हे जन्मापासूनच आहे आणि त्यावर औषध नाही. पुढचा पेशंट आत येत होता. जीवशास्त्राचा मास्तर म्हणून मला काही विचारायची लाज वाटली. घरी येऊन वाचायला बसलो.

बाकीच्या गुणसूत्रांना जोडीदार असतो. एक प्रत बिघडली तर दुसरीवर बघून दुरुस्ती करता येते. वायला जोडीदार नाही. २००३ साली वायचा आराखडा प्रसिद्ध झाला त्यात आठ अवाढव्य पालिंड्रोम सापडले. सर्वांत मोठा जवळजवळ २९ लाख अक्षरांचा. मधे थोडी जागा, आणि दोन्ही बाजूंच्या हातांत ९९.९७ टक्के साम्य. या हातांवर शुक्रजंतू घडवणारी जनुकं आहेत. एकटं गुणसूत्र स्वतःवरच दुमडतं आणि एका हातावर बघून दुसरा दुरुस्त करतं. एकट्या राहणाऱ्या माणसानं आरशात बघून पाठीला मलम लावावं तसं. ती हुशारी वाचून मी अक्षरशः खुर्चीत मागे टेकलो. मग पुढचं वाचलं. इतक्या तंतोतंत सारख्या प्रती इतक्या जवळ असल्या की पेशीची गफलत होते. एझेडएफसी भागात या प्रती काही उलट्या, काही सुलट्या अशा पसरलेल्या आहेत. दूरच्या दोन सुलट्या प्रती एकमेकींना जोडीदार समजून चिकटल्या की त्यांच्यामधला सगळा मजकूर गळून पडतो. साधारण ३५ लाख अक्षरं, सगळ्यांत मोठा पालिंड्रोम धरून. साधारण चार हजारांत एका पुरुषात असं होतं, आणि बहुतेक वेळा वडिलांचा वाय शाबूत असतो. गफलत नव्यानं झालेली असते.

पुढे आम्ही काय केलं हा या लेखाचा विषय नाही. विषय हा आहे की त्या रात्री मला मराठीत या गोष्टीबद्दल लिहिलेलं एक वाक्य हवं होतं, आणि 'निसर्गाची अद्भुत सममिती' सोडून काही सापडलं नाही. त्यातलं एक मीच लिहिलेलं होतं, महाविद्यालयाच्या वार्षिकात, १२३२१ च्या शेजारी. सममितीनं काय सांभाळलं जातं आणि तिची किंमत काय, हे त्यात नव्हतं. लेख नवाला थांबला होता.

कुणी म्हणेल की गंमतीच्या लेखावर एवढा राग कशाला. मुलांना गणिताची गोडी लागते, लागू दे. मान्य, मलाही तशीच लागली. पण गोडी लावणारा लेख आणि गोडीशी थांबणारा लेख यांत फरक असतो, आणि कापरेकर दुसऱ्या जातीचे नव्हते. त्यांच्या नावानं लिहिताना त्यांच्या एका पायरीनं तरी पुढे जावं.

उल्हासनगरच्या त्या नातवाला मी अहवालानंतर काही महिने शिकवायला गेलोच नाही. गेलो तेव्हा त्याची दहावी जवळ आली होती. मोबाइलवर त्यानं दहा एकांचा वर्ग काढून बघितला, तर पडद्यावर मावेना. दशांशचिन्ह आणि घात असलं काहीतरी आलं. मी म्हटलं कागदावर कर. आजोबांनी जुन्या वहीतलं मोठं पान फाडून दिलं. तो तिरक्या पायऱ्या मांडत बसला, एकाखाली एक, जीभ दाताखाली धरून. उजवीकडून बेरीज करत आला. नऊपर्यंत झरझर. मग पेन थांबलं.

"सर, इथे दहा होतायत."

"मग?"

"शून्य लिहू? हातचा एक?"

आजोबा गल्ल्यावरून उठून बघायला आले. पान त्यांच्या बाजूनं उलटं होतं. त्यांनी ते फिरवून घेतलं नाही.